ब्वा झोन फुलावर असताना

"आता तर फ्रान्सवाले पण म्हणतात ना दीदी, मग कापाकापी कशाला?"

शेजारच्या भौजींचं हे वाक्य स्वयंपाकघरातून माझ्या टेबलापर्यंत आलं, तेव्हा मी रसायनाचं पुस्तक उघडून बसले होते. भौजी बेटावरच्या क्रेओल बोलीत बोलत होत्या. हळू बोलायचं त्यांना कधी जमलंच नाही. मोठी काकी काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. फक्त भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग पुन्हा भौजी: "ज्या गाठीसाठी डॉक्टर सुरी घेऊन बसलाय, तिचं औषध तुझ्या परसात उभं आहे. पेपरात छापून आलंय. माझ्या नणंदेच्या नवऱ्यानं स्वतः वाचलं."

"तुझ्या नणंदेच्या नवऱ्याला वाचता कधीपासून येतंय गो?" काकीनं विचारलं, आणि दोघी हसल्या.

मी पानावरची तीच ओळ परत वाचायला घेतली. काकीला गाठ आहे हे त्या घरात मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या उघड्या दारातून ते असं माझ्यापर्यंत आलं, आणि आलं त्याच क्षणी मला ते माहीत नाही असं दाखवायचंही ठरून गेलं. आमच्या घरात बायकांच्या अंगाचं काही असलं की सगळे असेच वागत. मी तर त्यात फारच तयार होते.

ऑक्टोबर संपत आला की मला तो मोसम आठवतो. आता मी क्युरपिपच्या एका शाळेत रसायनाची प्रयोगशाळा सांभाळते. परीक्षेच्या दिवसांत बाटल्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, ब्युरेट धुऊन उलट्या टांगायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे. खिडकीबाहेर पिठासारखा बारीक पाऊस पडत असतो. मुली ओल्या बुटांनी येतात, दाराशी उभ्या राहून ओठांतल्या ओठांत सूत्रं म्हणतात. मी त्यांना फारसं काही बोलत नाही. पण स्पिरिटचा वास एकदा हाताला लागला की दिवसभर माझ्याबरोबर राहतो, आणि त्या वासाच्या मागोमाग कार्तिए मिलितेरचं, मोठ्या काकीच्या घरामागचं ते परस येतं.

आमचं घर क्वात्र बॉर्नला. दोन खोल्या, तीन लहान भाऊ, आणि सरकारी कचेरीतून दमून येणारे बाबा. त्यामुळे परीक्षा म्हटली की मला मोठ्या काकीकडे धाडायचे. तिची मुलं लग्न होऊन दूर गेली होती. तिच्याकडे शांतता होती, आणि ती शांतता मला तिच्या हातच्या जेवणाइतकीच आवडायची. घराच्या एका बाजूला ऊस, पलीकडे चहाचे मळे. तोडणीचे दिवस असल्यामुळे उसाच्या लॉऱ्या जायच्या आणि वळणावर दोन-चार कांड्या सांडायच्या. काका साखरेच्या मळ्यावर सरदार होते, मजुरांच्या टोळीवर देखरेख करायचे. आता निवृत्त होऊन व्हरांड्यात रेडिओ ऐकायचे.

आणि परसात न्हाणीच्या पलीकडे ब्वा झोन.

या झाडाला आमच्याकडे मराठीत नाव नाही. आमची माणसं कोकणातून बोटींनी या बेटावर आली तेव्हा त्यांच्या ओळखीची झाडं त्यांनी ओळखीच्या नावांनी हाकारली, पण हे इथलंच. क्रेओल शेजाऱ्यांनी सांगितलं ते नाव आमच्या तोंडी बसलं: ब्वा झोन, पिवळं लाकूड. वरून बघितलं तर त्यात पिवळं काहीच नाही. खोड करडं, खडबडीत. पानं जाड, चकचकीत, फांदीच्या एकाच पेरावर तीन-चार मिळून गोल बसलेली, जणू बैठकीला आलेल्या बायका. पण नखानं सालीचा पापुद्रा उचलला की आत अंड्याच्या बलकासारखा पिवळा रंग. पान तोडलं की पांढरं दूध. ते दूध जिभेला लागलं तर पुढच्या जेवणाची चव गेलीच समजा.

इथली थंडी जुलै-ऑगस्टमध्ये; तेव्हा त्या भागात घरोघर ताप यायचा, आणि सगळे काकीच्या दारात यायचे. काकी सालीचे तुकडे पाण्यात उकळून त्याचं तिझान करून द्यायची. तिझान म्हणजे आमच्याकडचा काढा. लहानपणी मला ते पाजताना काका दोन्ही हात धरायचे आणि काकी नाक. दुसऱ्या दिवशी मात्र भूक लागायची. तीसुद्धा अशी की नुसता भात दिसला तरी बरं वाटावं. कडूपणानं भूक कशी जागी होते हे मी पुढे पुस्तकात वाचलं. जिभेला ते आधीच ठाऊक होतं.

मला मात्र त्या तिझानापेक्षा काकीचं साल काढणं जास्त आवडायचं. ती आधी खोडाभोवती एक फेरी मारायची. गेल्या वर्षी कुठून काढली, त्याच्या आदल्या वर्षी कुठून, ते हातानं चाचपायची. जुन्या जखमा भरून तिथे जाड कडा आलेल्या असत. मग नवी जागा धरून चार बोटं रुंद, तळहाताएवढी लांब अशी उभीच पट्टी. आडवी कधीच नाही. "कंबरेला फास बसला तर झाड वरून हिरवं दिसतं न खालून मरतं," ती सांगायची. काढल्यावर त्या उघड्या पिवळ्या जागेवर राख आणि ओली माती लिंपायची, लेकराच्या गुडघ्याला हळद लावावी तशी. आणि एक नियम तिच्या सासूनं घालून दिलेला होता. झाड फुलावर असताना त्याला सुरी लावायची नाही. कितीही ताप असो, कुणीही मागो.

त्या वर्षी ऑक्टोबरात ब्वा झोन भरभरून फुललं होतं.

फुलं तशी लहानच, पांढरट, गुच्छांनी येणारी. एकेकटं फूल बघितलं तर कुणी वळूनही बघणार नाही. पण सकाळी न्हाणीचं दार उघडलं की वासाची एक थंड लाट अंगावर यायची. काहीशी जुईची आठवण करून देणारी, पण मागे एक कडवट धार. त्या वासात मी दात घासायचे, वेणी घालायचे, पाठ केलेलं मनात म्हणायचे. इतकी वर्षं ते झाड मला औषधाचं झाड म्हणूनच ठाऊक होतं. तोवर मी तिथं असायचे ती थंडीतल्या सहामाहीच्या वेळी, तापाच्या मोसमात; फुलांच्या मोसमातली ही मोठी परीक्षा पहिलीच. शहाण्या, अबोल बाईनं एखाद्या दिवशी गाणं म्हणावं आणि आपण चकित व्हावं, तसं मला झालं.

शाळेच्या ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात मला त्याचं कूळ सापडलं. ऑक्रोसिया. नावातच फिकट पिवळा रंग. हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंतच्या बेटाबेटांवर या कुळाची झाडं आहेत. फळं कडक, आतून धागेदार, पाण्यावर तरंगणारी. लाटा नेतील तिथे गेलेली. मी हे काकीला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. "म्हणजे ते पण समुद्रातनंच आलं," ती म्हणाली. "पण त्याला कुणी बोटीत चढवलं नाय. आपल्यापेक्षा शानं." मोठ्या घराण्यात बघितलं तर चाफा, कण्हेर, तगर, सदाफुली ही सगळी त्याची भावंडं. मोडलं की दूध येणारी आणि त्या दुधात काही ना काही बाळगणारी. कुणात विष, कुणात औषध, बहुतेकांत दोन्ही. जागच्या जागी उभं राहायचं, पळता येत नाही, ओरडता येत नाही. मग अळीनं पान खाऊ नये म्हणून झाड आपल्या आतच एकेक द्रव्य रचत बसतं. हे वाचून मला त्या झाडाबद्दल फार जवळीक वाटली. का ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

पेपरातली बातमी खोटी नव्हती. या कुळातल्या झाडांत एलिप्टिसिन नावाचं एक पिवळं द्रव्य सापडलं होतं, आणि त्यापासून कर्करोगावर औषध करता येईल का, यावर फ्रान्समध्ये काम चालू होतं. पण बातमी पेपरातून दुकानात, दुकानातून बसमध्ये आणि बसमधून आमच्या फाटकापर्यंत येईस्तोवर तिच्यातलं 'करता येईल का' गळून पडलं होतं. भौजींच्या नणंदेच्या नवऱ्यानं आणखी कुणाकुणाला सांगितलं असावं. लोक यायला लागले. एक बाई तर मोकाहून बस बदलून आली, हातात कापडी पिशवी घेऊन. काकीनं तिला व्हरांड्यात बसवलं, चहा दिला, आणि साल द्यायला साफ नकार दिला.

"फुलावर आहे ते. बाळंतिणीच्या अंगावरचं पांघरूण ओढतो काय आपण?"

बाई रडकुंडीला आली. काकीनं तिचा हात धरला. "फुलं गळू देत. मला पण पायजे हाय. मी पण थांबलेय ना."

मी आतल्या खोलीत होते. *मी पण थांबलेय.* एवढ्या तीन शब्दांनी, दाराआडून कानावर आलेलं बाकीचं सगळं जुळलं. इस्पितळानं, आमच्या तोंडच्या लोपितालनं, दिलेली एक तारीख काकीनं आधीच चुकवली होती. दुसरी आता येत्या गुरुवारची होती. तीही ती चुकवणार होती, कारण तिला तिची साल हवी होती, आणि साल फुलं गळेपर्यंत मिळणार नव्हती. डब्यात गेल्या थंडीतला चुरा उरला होता, पण एवढ्या मोठ्या दुखण्याला ताजी, दुधासकटची साल लागते असं तिचं मत. तोवर गाठ काय करत होती ते कुणी बघत नव्हतं. काकी स्वतःच्या जिवासाठीसुद्धा झाडाचा नियम मोडायला तयार नव्हती. मला तिचा इतका अभिमान वाटत होता आणि इतकी भीती वाटत होती की दोन्ही वेगळी करता येत नव्हती. रोज सकाळी न्हाणीचं दार उघडताना मी आधी वर बघायचे. नवा गुच्छ उमलला असला की डोळ्यांना सुख व्हायचं आणि लगेच मी गुरुवारपर्यंतचे दिवस मोजायचे.

एकदा संध्याकाळी काकांनी रेडिओ बंद केला. ते सहसा करत नसत.

"तू ऐकलंयस," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी मान हलवली.

"मी सांगू तिला? मला तर चहात साखर किती घ्यायची ते पण ती सांगते." ते थोडं हसले. मग हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे भरून आले. मळ्यावर शंभर माणसांना हाक मारणारा तो माणूस. "डॉक्टर म्हणाला, अजून लहान हाय, काढली तर बरी होईल. मी दोनदा बोललो. ती म्हणते, माझ्या सासूच्या झाडावर तुमचा विश्वास नाय?" त्यांनी रेडिओचं बटण उगाच फिरवलं. "तू शिकतेस ना हे झाडापाल्याचं. खरं काय ते तूच बघ."

मी शिकत होते ते झाडापाल्याचं नव्हतं, पण हे काकांना सांगण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी डब्यातला चिमूटभर चुरा रुमालात बांधून मी शाळेत नेला.

आमच्या रसायनाच्या बाई मिस लिम. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, बोलायला मोजक्या. तास संपल्यावर मी फळ्याजवळ घुटमळत राहिले. त्यांनी डस्टर झटकलं.

"काय हवंय, सुमन?"

"मिस, सालीतलं एखादं द्रव्य पाण्यात उतरतं की नाही, ते कसं बघायचं?"

"अभ्यासक्रमात आहे का हे?"

"नाही, मिस."

"मग बस," त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

त्यांनी झाडाचं आणि द्रव्याचं नाव तेवढं विचारून घेतलं; का, कुणासाठी, असं काही विचारलं नाही. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. अर्धा चुरा पाण्यात उकळला, काकी उकळते तसाच. अर्धा स्पिरिटमध्ये मुरवला. दोन्हींचे थेंब गाळणकागदाच्या पट्टीवर शेजारी शेजारी ठेवले आणि पट्टीचं टोक द्रावणात टेकवून ती उभी केली. ओल हळूहळू वर चढत गेली. वाळल्यावर पट्टीवर साध्या डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसेना. एक मळकट पिवळी रेघ, बस. मग मिस लिम मला रसायनांच्या कोठीत घेऊन गेल्या. त्यांच्या भावाला टपाल तिकिटांचा नाद होता. खरी-खोटी तिकिटं पारखायचा त्याचा जांभळा दिवा त्या मागून आणत. कोठीचं दार लावून त्यांनी तो पेटवला.

पट्टी जागी झाली. खालपासून वरपर्यंत ठिपके, एकावर एक: निळसर, फिकट जांभळे, आणि स्पिरिटच्या बाजूला एक धगधगीत पिवळा-हिरवा, काजव्यासारखा. करड्या खोडाच्या आत हे सगळं इतकी वर्षं होतं. मी नाक दाबून जे गिळलं त्यात हे होतं. मी श्वास घ्यायला विसरले असणार, कारण मिस लिम म्हणाल्या, "हो. मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं."

पाण्याच्या बाजूला निळे ठिपके होते, चांगले ठळक. तो पिवळा मात्र असून नसल्यासारखा. मिस लिमनी बोट न लावता दाखवला. "हा तोच असेल असं मी या एका पट्टीवरून छातीठोक सांगणार नाही. पण तुझं एलिप्टिसिन पाण्याशी फारसं सख्य ठेवत नाही, एवढं माहीत आहे. ते बहुतेक सालीतच राहतं. चोथ्याबरोबर फेकलं जातं. आणि उतरलं असतं तरी ते जसंच्या तसं उपयोगी नाही. रक्तात विरघळावं म्हणून त्याचा रेणू बदलावा लागतो, मग सुईतून द्यायचं, मग त्याचे त्रास बघायचे. अजून तेच चाललंय." त्या जरा थांबल्या. "सदाफुलीपासून इस्पितळात मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर औषध देतात. ते खरं आहे. पण सदाफुलीची पानं चावून कुणी बरं झालेलं मी ऐकलं नाही."

"मग तापात जे देतात ते, मिस?"

"ते निळे ठिपके असतील. कडू, पाण्यात उतरणारे. त्यांनी भूक लागत असेल, ताप हटत असेल. त्यांना खोटं कशाला ठरवायचं?" दिवा विझवताना त्या म्हणाल्या, "एका झाडात किती जण राहतात, बघितलंस ना. सगळ्यांना एकच काम येत नाही."

बसमध्ये परतताना खिडकीच्या काचेवर ओघळ चालले होते, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. इंग्रजीत ती लगेच जुळली. इंग्रजीत मला सगळं जुळायचं, उत्तरपत्रिकेसारखं. क्रेओलमध्ये ती जरा उद्धट वाटली. मराठीत तर वाक्य सुरूच होईना. मराठी मला शनिवारी मंदिराच्या वर्गात शिकवलेली. प्रार्थना, धडे, पत्रलेखन. काकीशी मी मराठीत 'हो', 'नको', 'जेवले' एवढंच बोलायचे. आणि प्रश्न शब्दांचा नव्हताच. जिनं मला तिझान पाजून वाढवलं, तिला मी एका कागदाच्या पट्टीवरून सांगायचं की तुझं झाड तुला पुरणार नाही? शाळेनं मला विचारल्याशिवाय बोलू नये हे शिकवलं होतं, आणि घरानं विचारलं तरी बोलू नये हे.

घरी पोचले तेव्हा काकी मसूर निवडत होती. "भूक लागली?" "हो." एवढंच झालं. दुसऱ्या दिवशीही एवढंच झालं.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेले होते. आता ती पदर डाव्या खांद्यावरून जरा जास्त ओढून घेते, आणि आंबोळ्या उलटताना डावा हात फार वर नेत नाही. बाकी सगळं तेच. भौजी तशाच मोठ्यानं बोलतात, काकांच्या चहात साखर अजून तीच घालते. थंडीत तिझान अजूनही करते. ब्वा झोनच्या खोडावर नव्या उभ्या पट्ट्या दिसतात, प्रत्येक वेगळ्या बाजूला. मी तिला विचारलं, तेव्हा माझं का ऐकलंस? काकांचं नाही, डॉक्टरचं नाही. ती तव्याकडेच बघत म्हणाली, "ते सगळे झाडाला खोटं पाडायला निघाले होते. तू त्याची बाजू घेतलीस." मग आंबोळी माझ्या ताटात टाकून, "खा. परीक्षा तुझी नाय आता, तरी तोंड तसंच."

त्या वर्षी मी शेवटी बोलले, ती बुधवारची सकाळ होती. रात्री वारा सुटला होता, आणि न्हाणीच्या वाटेवर फुलांचा सडा पडलेला, पायाखाली मऊ, वास अजून चालू. फांद्यांवर एकही गुच्छ उरला नव्हता. काकी अंघोळ करून, केस ओलेच बांधून खोडाशी उभी होती. नेहमीची फेरी मारून झाली होती. डाव्या हातानं ती जागा चाचपत होती. उजव्या हातात धार लावलेली सुरी. हात वर नेताना तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी दुखून गेलेलं मी बघितलं. काका व्हरांड्यात उभे होते, रेडिओ न लावता. भौजी कुंपणाच्या पलीकडून म्हणाल्या, "काढ दीदी, काढ, माझ्यासाठी पण थोडी." माझ्या हातात पुस्तक होतं. ते मी न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि ओल्या फुलांवरून चालत तिच्याजवळ गेले. माझा आवाज मला अनोळखी वाटला, पण मराठीतच निघाला.

"काकी, मला ताप आला तर मी हीच साल मागेन, तुझ्याच हातची. पण गाठीचं काम या झाडाला येत नाही, मी त्याच्या आत बघून आलेय. त्याला जे येत नाही त्याचं ओझं त्याच्यावर टाकू नकोस. उद्या गुरुवार आहे. चल, आपण दोघी लोपितालला जाऊ, मी तुझ्या शेजारी बसते."